नऊची घंटा आणि वर्गातली डुलकी

जानेवारी महिन्यात पनवेलला सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. शाळेच्या रिक्षा आणि बस मात्र सहा-सव्वासहापासूनच रस्त्यावर दिसू लागतात. कानटोपी घातलेली, आईच्या अंगाला टेकून उभ्या उभ्या पेंगणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. हीच मुले पहिल्या तासाला वर्गात हजर असतात. पण ती जागी असतात का?

हा प्रश्न शासनालाही पडला, ही चांगली गोष्ट झाली. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासननिर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असे त्यात म्हटले आहे. मुले रात्री उशिरा झोपतात, त्यामागे करमणुकीची साधने आणि शहरांतला रात्रीचा गोंगाट आहे, सकाळी झोपमोड झाल्याने ती दिवसभर आळसावलेली राहतात, असा त्यातील युक्तिवाद आहे.

या निर्णयावर चर्चा बरीच झाली. बसच्या फेऱ्या कशा जुळवायच्या, दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी काय करायचे, नोकरीला जाणाऱ्या आईवडिलांनी मुलांना कुठे ठेवायचे, असे प्रश्न निघाले. ते खरेच आहेत, पण ते सोयीचे प्रश्न आहेत. निर्णय विज्ञानाच्या कसोटीवर कितपत उतरतो, हे आपण या लेखात पाहू. माझे मत आधीच सांगून टाकतो. निर्णय चुकीचा नाही, पण त्याचा नेम थोडा हुकला आहे. आणि वर्गात पेंगणाऱ्या प्रत्येक मुलाला एकच दुखणे आहे असे तो धरून चालतो. ही दुसरी उणीव अधिक गंभीर आहे.

घड्याळाचे सात आणि सूर्याचे सात

प्रथम निर्णयाच्या बाजूचा एक मुद्दा. तो शासननिर्णयापेक्षा भूगोलाच्या पुस्तकात सापडतो.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे. पनवेलचा रेखांश सुमारे ७३.१ अंश. फरक ९.४ अंशांचा. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे सुमारे ३८ मिनिटे. शाळेच्या घड्याळात सात वाजतात तेव्हा पनवेलच्या सूर्याच्या हिशेबाने जेमतेम सहा वाजून बावीस मिनिटे झालेली असतात. जानेवारीत कोलकात्याला सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान उजाडते, तेव्हा आपल्याकडे अंधारच असतो. घंटा मात्र दोन्हीकडे एकाच घड्याळाप्रमाणे चालते.

१ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईत तिला मोठा विरोध झाला होता. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. महापालिकेने आपली ‘मुंबई वेळ’ त्यानंतरही अनेक वर्षे चालू ठेवली. त्या विरोधात राजकारण होतेच. पण अंधारात उठावे लागण्याची तक्रारही होती. आपल्या शरीराची आजही तीच तक्रार आहे.

कारण शरीराचे घड्याळ प्रमाणवेळेवर चालत नाही. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूत जेथे एकमेकांना ओलांडतात, त्याच्या अगदी वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. झोप, शरीराचे तापमान, संप्रेरके यांची दिवसभराची लय तो सांभाळतो. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे हे घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा थोडे सावकाश चालते. ते रोज बरोबर लावले जाते उजेडाने. सकाळचा उजेड ते पुढे सरकवतो, रात्रीचा उजेड मागे ढकलतो. ज्याला सकाळी उजेड मिळत नाही आणि रात्री भरपूर मिळतो, त्याचे घड्याळ मागे पडणारच.

कोणाची घंटा पुढे ढकलायची?

आता नेम कोठे हुकला ते पाहू.

सात-आठ वर्षांच्या मुलाचे जैविक घड्याळ स्वभावतःच लवकरचे असते. घर शांत झाले, दिवा मालवला, की ते नऊ-साडेनऊला झोपते आणि सकाळी आपणहून उठते. ते उशिरा झोपते ते बहुधा घर उशिरा झोपते म्हणून. पनवेलहून मुंबईला जाणाऱ्या माणसाचा एका बाजूचा लोकल प्रवासच सव्वा तासाच्या वर जातो. वडील रात्री साडेनऊला घरी येतात, मग जेवणे, मग बाबांशी खेळणे. मूल अकराला झोपले तर त्यात टीव्ही आणि मंगल कार्यालयातील ध्वनिवर्धक यांच्याइतकाच वाटा या प्रवासाचाही आहे.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. वयात येताना जैविक घड्याळच मागे सरकते. झोपेची वेळ आली हे शरीराला कळवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक संध्याकाळी उशिरा स्रवू लागते. लहानपणाच्या तुलनेत हा उशीर दोन तासांपर्यंत जाऊ शकतो आणि तो विशीच्या आसपास सर्वांत जास्त असतो. हे काही केवळ मोबाइलमुळे घडत नाही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकॅडन यांनी हा बदल दाखवून दिला तो १९९० च्या दशकात, मुलांच्या हाती मोबाइल येण्याच्या आधी. मोबाइलने त्यात भर घातली, एवढेच. या वयात झोपेची गरज मात्र फारशी घटत नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी.

म्हणून इतर देशांत शाळा उशिरा भरवण्याचा आग्रह धरला गेला तो मोठ्या मुलांसाठी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. सिॲटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. तेथील संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या मनगटाला यंत्रे बांधून आधीची आणि नंतरची झोप मोजली. मुले आणखी उशिरा झोपू लागतील अशी भीती होती. ती खोटी ठरली. रोजची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली.

आपल्याकडे नऊची घंटा मिळाली ती पहिली ते चौथीला. जेथे एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, तेथे सकाळचे रिकामे झालेले वर्ग कोणाला मिळणार? पाचवी ते दहावीला. म्हणजे ज्यांचे शरीर लवकर उठायला सर्वांत नाराज, त्यांच्याच वाट्याला सातची घंटा येण्याची शक्यता वाढते. लहानांना दिलासा मिळाला याबद्दल तक्रार नाही. पण झोपेचे शास्त्र आधार धरून वेळा ठरवायच्या असतील, तर आठवी-नववीचा वर्ग यादीत पहिला हवा होता.

मामाचा अभ्यास कच्चा

येथे एक कबुली द्यायला हवी. माझा भाचा नववीत असताना रात्री दीडपर्यंत जागा असे आणि सकाळी त्याला उठवताना घरात रोज महाभारत होई. मी त्याला सरळ ‘आळशी’ ठरवून मोकळा झालो होतो. तो म्हणे, “मामा, मी आडवा होतो, पण झोपच येत नाही.” मला ते खरे वाटत नसे. मे महिन्याच्या सुट्टीत तो माझ्याकडे राहिला. रात्री दोनला झोपे, सकाळी साडेदहाला उठे, आणि मग दिवसभर ताजातवाना असे. ना डुलकी, ना चिडचिड. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडेआठ तास उत्तम झोपणाऱ्या माणसाला निद्रानाश नसतो, आणि तो आळशीही नसतो. त्याचे घड्याळ मागे पडलेले होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने उठण्याची वेळ बांधून घेणे, उठल्याबरोबर अर्धा-पाऊण तास गच्चीवरच्या उन्हात बसणे आणि रात्री दिवे मंद ठेवणे, एवढ्यावर काही आठवड्यांत ते बरेचसे पुढे आले.

विज्ञान शिकलेल्या मामाकडून ही चूक झाली, याचे कारण साधे आहे. आपण झोपेकडे शिस्तीचा विषय म्हणून पाहतो. भूक लागली नाही म्हणणाऱ्या मुलाला आपण डॉक्टरकडे नेतो. झोप येत नाही किंवा झोप जात नाही म्हणणाऱ्याला उपदेश करतो.

सुट्टीची कसोटी

मग वर्गात पेंगणारा विद्यार्थी कोणत्या प्रकारचा, हे शिक्षकाने कसे ओळखावे? त्यासाठी सुट्टीइतकी चांगली प्रयोगशाळा नाही.

आठवी ते दहावीच्या वर्गात हा प्रयोग करून पाहा. प्रत्येकाने दोन आठवडे वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: झोप लागली ती अंदाजे वेळ आणि जाग आली ती वेळ. शाळेचे दिवस वेगळे, सुट्टीचे वेगळे. मग झोपेचा मध्यबिंदू काढायचा. शाळेच्या दिवशी रात्री १२ ते सकाळी ६, तर मध्य पहाटे ३ ला. सुट्टीच्या दिवशी रात्री १ ते सकाळी ९, तर मध्य पहाटे ५ ला. फरक दोन तासांचा. म्हणजे हा विद्यार्थी दर सोमवारी दोन तास पूर्वेकडच्या देशात विमानाने गेल्यासारखा शाळेत येतो.

आता निष्कर्ष काढू. जो सुट्टीत पुरेसा झोपतो आणि मग दिवसभर तरतरीत राहतो, त्याची अडचण तासांची किंवा घड्याळाची आहे. घंटा, घरचा दिनक्रम, सकाळचा उजेड यांनी ती सुटू शकते. पण दिवाळीच्या सुट्टीत रोज नऊ-नऊ तास झोपूनही जो पेंगतो, त्याला घंटा उशिरा करून काही मिळणार नाही. त्याच्या झोपेतच काही बिघाड असण्याची शंका घ्यायला हवी. शासननिर्णयाच्या चौकटीत हा विद्यार्थी बसतच नाही.

झोपूनही न झोपलेले

अशा बिघाडांपैकी मुलांमध्ये प्रथम पाहायचा तो झोपेतील श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया. टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढलेल्या असल्या, की झोपेत घशाचे स्नायू सैल पडताच श्वासाची वाट बंद होते. रक्तातील ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो. हे रात्रभर चालते. सकाळी मुलाला काहीच आठवत नाही. गाढ झोपला होता, चांगला घोरत होता, असे घरचे कौतुकाने सांगतात. वास्तविक मुलाचे रोजचे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नव्हे. वेगवेगळ्या पाहण्यांनुसार शंभरातील एक ते पाच-सहा मुलांना हा त्रास असतो, म्हणजे पन्नासांच्या वर्गात निदान एखादे मूल तरी असू शकते. आणि गंमत अशी, की असे मूल बऱ्याचदा पेंगत नाही. उलट चुळबुळ करते, लक्ष देत नाही, भांडते. प्रगतिपुस्तकात ‘खोडकर, चंचल’ असा शेरा येतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, झोपेत घाम येणे, मान मागे टाकून झोपणे, मोठे झाल्यावरही अंथरूण ओले करणे, या खुणा सोबत असतात.

शस्त्रक्रिया हा यावरचा नेहमीचा उपाय आहे. पण येथेही तारतम्य हवे. ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवरील एका अमेरिकी चाचणीत (२०१३) शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोप-तपासणी पुढे सुरळीत आली; नुसती देखरेख ठेवलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची आली. शस्त्रक्रियेने वागणूक आणि लक्षणे सुधारली, मात्र लक्ष देण्याच्या चाचणीतील गुणांत दोन गटांत फरक पडला नाही. सारांश, निर्णय डॉक्टरांनी तपासून घ्यावा; टॉन्सिल काढले की पहिला नंबर, असे समजू नये.

दुसरा बिघाड पायांचा. संध्याकाळी आडवे झाले की पायांत कसेसेच होते, हलवल्यावाचून चैन पडत नाही, चालले की बरे वाटते. लोहाची कमतरता हे याचे एक प्रमुख कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. तेव्हा ‘पाय वळवळतात’ म्हणणाऱ्या मुलीला हसण्यावारी न नेता तिचे रक्त तपासायला सांगावे.

तिसरा विकार क्वचित आढळतो, पण त्याच्यावर अन्याय सर्वांत मोठा होतो. नार्कोलेप्सीत मेंदूतील जागेपणा टिकवणारे ओरेक्सिन हे द्रव्य बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो. विद्यार्थी बोलता बोलता, जेवता जेवता झोपतो. जोरात हसल्यावर त्याचे गुडघे एकाएकी लुळे पडतात. झोप लागताना किंवा जाग येताना अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्याचा भास होतो. हा शेवटचा अनुभव एरवी निरोगी माणसांनाही अधूनमधून येतो. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायूंना सैल सोडतो, आणि जाग आधी व स्नायू मागून असे झाले की ‘भूत बसले’ असे वाटते. तेवढ्यावरून घाबरू नये, आणि मांत्रिकाकडे तर मुळीच जाऊ नये. पण दिवसा आवरता न येणारी झोप आणि हसताना गुडघे लुळे पडणे या दोन गोष्टी दिसल्या, तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा.

केव्हा थांबू नये

पुढील पाच गोष्टींपैकी एखादी आढळली, तर ‘वयाने जाईल’ म्हणून वाट पाहू नये.

१. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरणे, झोपेत श्वास अडकणे, गुदमरून जाग येणे.

२. पुरेशी झोप होऊनही दिवसा आवरत नाही अशी झोप.

३. संध्याकाळी पायांची अस्वस्थता, त्यामुळे झोप न लागणे.

४. झोपेतील विचित्र हालचाली. लहान मुलाचे झोपेत चालणे किंवा किंचाळून उठणे बहुधा निरुपद्रवी असते. दारे-खिडक्या नीट लावून त्याला हलकेच अंथरुणावर आणावे. पण अंग ताठणे, झटके, जीभ चावली जाणे, एकाच रात्रीत पुनःपुन्हा तसेच घडणे, ही अपस्माराची लक्षणे असू शकतात.

५. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप न लागणे. त्यासोबत उदासी किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा असेल, तर तीन महिने काय, तीन दिवसही थांबू नये. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. निद्रानाशावर दुकानातून परस्पर गोळ्या आणणे हा उपाय नव्हे. झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची पद्धतशीर मानसोपचारपद्धती हा मान्यताप्राप्त पहिला उपचार आहे.

शिक्षकमित्रहो, ही यादी आपल्यालाही लागू आहे. मुंबईत हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साडेसात टक्के पुरुषांना दिवसा झोप येण्यासह श्वासरोधाचा विकार असावा, असा त्यांचा अंदाज निघाला. शिक्षकांच्या खोलीतही हे प्रमाण फार वेगळे नसावे. घोरणे, सकाळची डोकेदुखी, आटोक्यात न येणारा रक्तदाब आणि गाडी चालवताना डुलकी असे एकत्र आले, तर रात्रभराची झोप-तपासणी करून घ्यावी. तीत डोक्यावर, छातीवर, नाकाशी संवेदक लावून झोपायचे असते. सुई नाही, वेदना नाही.

यादीत नसलेला आजार

शाळांतील मुलांची आरोग्यतपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या ३० स्थितींच्या मूळ यादीत तीव्र रक्तक्षय आहे, अपस्मार आहे, अवधान कमी आणि चंचलता जास्त असण्याचा विकारही आहे. झोपेचा विकार नाही. म्हणजे चंचलतेची नोंद होईल, पण ती चंचलता रात्री अडकणाऱ्या श्वासातून आली असेल तर ते विचारणारा रकाना नाही. पथक शाळेत येईल तेव्हा आपणच हा रकाना भरू शकतो. “हा मुलगा रोज घोरतो असे त्याची आई सांगते, याचा घसा पाहा,” एवढे वाक्य पुरे. मग पथकाला त्याला उपजिल्हा रुग्णालयाकडे, तेथून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे धाडता येते.

शासनाने घंटा पुढे ढकलली, ती सुरुवात चांगली आहे. मोठ्या मुलांची घंटाही एक दिवस पुढे जावी, आणि जाईल तेव्हा आधीची व नंतरची झोप मोजली जावी. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. उद्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर कोणी पेंगताना दिसला, तर त्याला उभे करण्याआधी एकच प्रश्न विचारून पाहावा: “सुट्टीत तुला किती वाजता जाग येते, आणि मग दिवस कसा जातो?” उत्तर ऐकून काय करायचे ते आता आपल्याला माहीत आहे.